‘संदर्भ कुठाय?’

समजा, दुपारची वेळ आहे. धुणीभांडी आटोपली आहेत, मुलं शाळेत गेली आहेत आणि सासूबाईंचा नुकताच डोळा लागलाय. तुम्ही विट्याजवळच्या एखाद्या गावच्या. लहानपणापासून आजीच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट मनात घोळतेय. बेचाळीसच्या धामधुमीनंतर भूमिगत मंडळी रात्री-अपरात्री मळ्यातल्या वस्तीवर यायची, आजी चुलीपाशी बसून पाटीभर भाकऱ्या थापायची आणि पोलिसांची चाहूल लागली की कडब्याच्या गंजीत बंदूक सरकवायची. आजी गेली. आई थकली. आता ही गोष्ट आपल्याबरोबरच जायची का, असा विचार येतो. मोबाईल हातात असतोच. गावाचं नाव टाकलं की विकिपीडियाचं पान उघडतं. चारच ओळी - तालुका अमुक, जिल्हा तमुक, पाऊस इतका. वर लिहिलेलं असतं, ‘संपादन’. अरेच्चा, म्हणजे इथे आपल्यालाही लिहिता येतं!

मग काय, अंगठा दुखेपर्यंत तुम्ही चार परिच्छेद लिहिता. ‘प्रकाशित करा’ म्हणता. पान झळकतं. ऊर भरून येतो. भावाला, नणंदेला, शाळेच्या ग्रुपवर कळवून होतं. आणि संध्याकाळी कणीक मळता मळता पुन्हा पाहावं, तर सगळं गायब! पानाच्या इतिहासात कुणा अनोळखी माणसाची एकच कोरडी ओळ - संदर्भ नसलेला मजकूर काढला.

प्रसंग काल्पनिक आहे, पण ज्यांनी ज्यांनी या ज्ञानकोशात पहिल्यांदा पाऊल टाकलं, त्यांतल्या कितीतरी जणींना तो ओळखीचा वाटेल. रडू येतं, मग राग येतो. कोण हा? याला काय माहीत माझ्या आजीची गोष्ट? आणि मग आपल्या बायकांच्या स्वभावाप्रमाणे तिसरी पायरी - जाऊ दे, आपल्याला नाही जमायचं हे. फोन बाजूला ठेवून आपण भाजी फोडणीला टाकतो. ज्ञानकोशाचं नुकसान होतं ते या तिसऱ्या पायरीवर.

मला हे सारं नव्या सुनेच्या पहिल्या दिवसांसारखं वाटतं. उत्साहाने ती स्वयंपाकघर आवरायला घेते आणि सासूबाई म्हणतात, “मिठाचा डबा तिथे नाही ठेवायचा.” का नाही ठेवायचा, ते कुणी सांगत नाही. घराचे नियम कुठे लिहिलेले नसतात. विकिपीडियाचं उलटं आहे. तिथे नियम लिहिलेले आहेत, पण इतके, की ते वाचता वाचता सुनेची सासू व्हायची वेळ येते!

वादाची ही रीत काही आजची नाही. आपल्या सातारा जिल्ह्याला तर कोशाच्या घरकामाची चांगली ओळख आहे. मराठी विश्वकोश घडला तो वाईत, कृष्णेच्या काठी. १९६० साली राज्य शासनाने साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि कोशाचं काम त्यांनी वाईला आणलं. पहिला खंड छापून बाहेर पडला १९७६ मध्ये. म्हणजे मंडळाच्या स्थापनेपासून तब्बल सोळा वर्षांनी! विषयांच्या याद्या करायच्या, कोणती नोंद किती शब्दांची ते ठरवायचं, जाणकाराकडून ती लिहून घ्यायची, संपादकाने ती तपासायची, कापायची, पुन्हा लिहायला लावायची, असं ते काम. नोंद लिहिणारा तज्ज्ञ, तपासणारा त्याहून जाणता. सामान्य गृहिणीने तिथे जाऊन ‘मला आमच्या गावावर लिहायचंय’ म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

विकिपीडियाने हा दरवाजाच काढून टाकला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी जानेवारी २००१ मध्ये इंग्रजीत सुरुवात केली. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, नेमका महाराष्ट्र दिनाला. आज त्यात लाखाच्या आसपास लेख आहेत. कुणीही या, लिहा, दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करा. पगार नाही, पदवीची अट नाही. तिथले शब्दसुद्धा किती आपले आहेत! चर्चेच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात. आपोआप काम करणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमला ‘सांगकाम्या’. मतं मागवली तर त्याला ‘कौल’. आणि नव्याने लिहून पाहायची जागा म्हणजे ‘धूळपाटी’. आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळी मुलगे ज्या धुळीवर बोटाने अक्षरं गिरवायचे, तीच. मुली तेव्हा लांबूनच बघायच्या.

पण दरवाजा नाही म्हणजे उंबरठाही नाही, असं कुठे असतं? उंबरठा आहेच. संदर्भ हवा, तोही स्वतंत्र आणि छापील किंवा तपासता येईल असा. विषय ‘उल्लेखनीय’ हवा. भाषा तटस्थ हवी. आपलं स्वतःचं संशोधन, आपल्या आठवणी चालणार नाहीत. दुसरीकडून उचललेला मजकूर तर मुळीच नाही. चांगली वर्षानुवर्षं राबलेली संपादक मंडळी या उंबरठ्यावर बसलेली असतात. नव्याने आलेलीशी त्यांचा खटका उडतो तो इथेच.

आता जरा त्यांची बाजूही ऐकू या. कारण आपण बायका सासूबाईंची बाजू ऐकून घेतो, निदान घेतली असं दाखवतो तरी!

आपल्या गावातल्या चौकात उभं राहून वर बघा. वाढदिवसाचे फ्लेक्स. ‘युवकांचे आशास्थान’, ‘कार्यसम्राट’, ‘गोरगरिबांचे कैवारी’. तोच फ्लेक्स उद्या ज्ञानकोशात चिकटवायला लोक येतात. कुणी आपल्या साहेबांचं चरित्र लिहितं, कुणी आपल्या क्लासची जाहिरात, कुणी आपल्या घराण्याची थोरवी, कुणी वर्तमानपत्रातली बातमी जशीच्या तशी उतरवून ठेवतं. हे सारं उपसणारी माणसं किती? मराठीत नियमित काम करणारी अगदी मोजकी. नोकरी-संसार सांभाळून, रात्री जागून, फुकट. दिवसाला पन्नास बदल तपासणाऱ्याला एकावन्नावा बदल तुमच्या आजीचा आहे, हे कसं कळावं? त्याला दिसतात ते संदर्भ नसलेले चार परिच्छेद.

आणि आता या कामाला धोकाही चिकटलाय. २०२५च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांविषयी इंग्रजी विकिपीडियावर असलेल्या मजकुरावरून महाराष्ट्रात मोठा क्षोभ झाला. महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. महाराजांच्या घराण्याची गादी साताऱ्याची, तेव्हा आपल्याकडे भावना किती तीव्र होत्या हे वेगळं सांगायला नको. तो वाद कुणाचा बरोबर, कुणाचा चूक, हा आजचा विषय नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. ‘संदर्भ कुठाय’ हा प्रश्न नुसता कटकट म्हणून विचारला जात नाही. जे लिहिलं जातं त्यावर लोक विश्वास ठेवतात, चिडतात, रस्त्यावर येतात. म्हणूनच कोणत्या पुस्तकातलं, कोणत्या पानावरचं, किती विश्वासाचं, हे विचारावंच लागतं. संपादकालाही आणि वाचकालाही.

मग तक्रार कसली? तक्रार आहे ती दोन गोष्टींची.

पहिली, विचारण्याच्या पद्धतीची. विकिपीडियाचाच एक जुना संकेत आहे - नवख्यांना चावू नका. समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चाला, असा दुसरा. कागदावर दोन्ही सुंदर आहेत. प्रत्यक्षात काय घडलं, ते अमेरिकेतल्या अॅरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसतं. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिगेला पोचली आणि मग घसरत गेली. का? खोडसाळपणा थोपवण्यासाठी जी नियमांची आणि यंत्रांची तटबंदी उभी केली, तिच्यावर चांगल्या हेतूने आलेले नवे लोकही आपटले आणि माघारी गेले. पहिलंच लिखाण उलटवलं गेलं की माणूस पुन्हा फिरकत नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. म्हणजे घर चोरांपासून वाचवायला लावलेल्या कुलपाने पाहुणेच परत जायला लागले!

त्यात पुन्हा बायका किती? २०१०च्या एका पाहणीत विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत स्त्रिया जेमतेम तेरा टक्के निघाल्या. तेव्हा विकिमीडिया फाउंडेशनच्या प्रमुख सू गार्डनर या स्वतः बाई होत्या. त्यांनी २०११ मध्ये बायकांनीच सांगितलेली कारणं एकत्र केली. वेळ मिळत नाही, आत्मविश्वास कमी पडतो, भांडाभांडी नको वाटते, वातावरण पुरुषी वाटतं, आणि लिहिलेलं कुणीतरी खोडून टाकतं. वाचताना वाटतं, अगदी आपल्याच मनातलं बोलल्या की! ग्रामसभेत हात वर करून बोलायचं, तर आपल्याला दहा वेळा विचार करावा लागतो. पहिल्या वाक्यालाच कुणी ‘बसा खाली’ म्हटलं, की अकराव्यांदा विचार करायची इच्छाच उरत नाही.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे. ती संदर्भाच्याच स्वभावाची आहे.

कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड यांचं उदाहरण जगभर गाजलं. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. हा मान मिळवणाऱ्या त्या केवळ तिसऱ्या स्त्री. मेरी क्युरी १९०३, मारिया गेपर्ट-मेयर १९६३ आणि मग या. नोबेलच्या दिवशी विकिपीडियावर त्यांचं पानच नव्हतं! कुणी लिहिलंच नव्हतं, असंही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्यावरचा कच्चा लेख नाकारला गेला होता. दिलेल्या संदर्भांवरून त्या पुरेशा उल्लेखनीय ठरत नाहीत, असं कारण देऊन. त्यांच्याबरोबर नोबेल वाटून घेणारे जेरार मुरू यांचं पान मात्र कित्येक वर्षं होतं. संपादकाने नियम मोडला होता का? नाही. नियम पाळूनच अन्याय झाला. कारण वर्तमानपत्रांनी, मासिकांनी त्या बाईंवर आधी लिहिलंच नव्हतं. जगाने ज्यांची दखल घेतली नाही, त्यांची दखल ज्ञानकोशही घेत नाही. आणि ज्ञानकोशात नाही म्हणून जग पुन्हा घेत नाही. घाण्याच्या बैलासारखं गोल गोल.

हा घाणा आपल्या अंगणातही फिरतोय. सावित्रीबाई फुले आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्या गेल्या १८९७ मध्ये. त्यांचं समग्र वाङ्मय डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलं आणि राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलं ते १९८८ मध्ये. एक्क्याण्णव वर्षांनी! त्याआधी विकिपीडिया असता आणि त्यांच्या कवितांवर कुणी लेख लिहायला बसलं असतं, तर संदर्भ म्हणून काय दाखवलं असतं?

आणि प्रतिसरकार. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात समांतर सरकार चाललं. तेव्हाचा सातारा म्हणजे आजचे सातारा आणि सांगली दोन्ही. दक्षिण सातारा वेगळा निघाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. न्यायनिवाडे, सावकारांना चाप, कुंडलच्या कॅप्टन भाऊ लाडांची तुफान सेना, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वे - हे सारं पुस्तकांत आलंय. पण त्या माणसांना जेवू घालणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, हत्यारं लपवणाऱ्या बायका? त्यांतल्या कितीजणींची नावं छापली गेली?

नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील त्यातल्या भाग्यवान म्हणायच्या. पोलीस ठाण्यातली हत्यारं साथीदारांना पळवता यावीत, म्हणून भवानीनगरच्या ठाण्यासमोर त्यांनी नवऱ्याच्या मारहाणीचं नाटक उभं केलं आणि खरोखरीचा मार खाल्ला. पोर्तुगीजांच्या गोव्यातून परतताना रात्री मांडवी नदी ओलांडली. हे आज आपण खात्रीने सांगू शकतो, कारण पत्रकार पी. साईनाथ विट्याला त्यांच्या घरी गेले, त्यांच्याशी बोलले आणि ते प्रसिद्ध केलं. हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये वयाच्या पंचाण्णव्या वर्षी गेल्या. ती मुलाखत झाली नसती तर? तर हाही मजकूर ‘संदर्भहीन’ म्हणून उडाला असता. आणि त्यांच्या शेजारच्या वाडीवरची, जिच्याकडे कुणी पत्रकार गेलाच नाही, ती बाई कायमचीच उडालेली आहे.

तेव्हा प्रश्न असा की, आजीच्या तोंडचं ज्ञान हे ज्ञान नव्हे का? विकिपीडियातल्याही काहींना हा प्रश्न पडला. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गावांमध्ये एक प्रयोग केला. ज्या गोष्टी कुठे छापलेल्याच नाहीत, म्हणजे गावचे खेळ, विधी, पदार्थ, त्यांबद्दल लोकांना बोलतं करून ते ध्वनिमुद्रण संदर्भ म्हणून वापरायचं. कल्पना छान, पण तिला विरोधही झाला. कारण आठवण चुकते, माणूस फुगवून सांगतो, दोन भाऊ एकाच भांडणाच्या दोन गोष्टी सांगतात. तेही खोटं नाही. आपल्याच घरात लग्नात कोण रुसलं होतं, यावर चाळीस वर्षांनी एकमत होतंय का बघा!

माझं मत विचाराल तर, उंबरठा काढून टाकू नये, पण उंबरठ्यावर बसणाऱ्याने ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हणायला शिकावं. मजकूर काढला तर ‘का काढला आणि काय आणलंत तर राहील’ ही दोन वाक्यं चर्चा पानावर लिहायला कितीसा वेळ लागतो? आणि आपण नव्याने जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सगळं स्वयंपाकघर हलवू नये. आधी चार शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त कराव्यात. एखाद्या लेखाला एखादा संदर्भ जोडावा. मोठं लिखाण धूळपाटीवर करून बघावं. स्वतःच्या कुटुंबाबद्दल थेट लिहू नये. आपल्या माणसाविषयी तटस्थ राहणं कुणाला जमलंय? आणि काही उडालं, तर ते नष्ट झालेलं नसतं. पानाच्या ‘इतिहासा’त ते बहुतेक वेळा तसंच असतं. चर्चा पानावर शांतपणे विचारावं, “यात काय कमी आहे?” शंभरात दहाजण उर्मटपणे बोलतील. पण उरलेल्यांत हात धरून शिकवणारा एखादा भेटतोच.

महिला दिनाच्या निमित्ताने मराठी विकिपीडियावर बायकांच्या लेखन-कार्यशाळा भरल्या आहेत. इंग्रजीत २०१५ पासून ‘विमेन इन रेड’ नावाचा गट बायकांची चरित्रं लिहितोय. तेव्हा तिथल्या चरित्रांत बायकांची पंधरा टक्क्यांच्या आसपास होती, आता वीस टक्क्यांच्या घरात आली. दहा वर्षांत पाच टक्के! हसू नका, थेंबे थेंबे तळे साचे. सांगलीच्या स्मृती मानधनाची, साताऱ्याच्या तिरंदाज आदिती स्वामीची, माण तालुक्यातून रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत धावलेल्या ललिता बाबरची पानं लिहायला संदर्भांची ददात नाही. त्यांच्यावर रोज छापून येतं. ददात आहे ती त्यांच्या आज्यांच्या बाबतीत.

म्हणून खरं काम आधी कागदावर आहे. गावच्या शाळेचं स्मरणपुस्तक, सहकारी सोसायटीच्या जुन्या अहवालांतली नावं, दिवाळी अंकातला लेख, ग्रंथालयातलं जीर्ण पुस्तक - हे शोधायला हवं. आणि जे कुठेच नाही ते आपण ध्वनिमुद्रित करून, तारीख-वार घालून, जिल्ह्याच्या इतिहास मंडळाकडे, महाविद्यालयाकडे, नियतकालिकाकडे द्यायला हवं. छापून आलं की तोच संदर्भ. उशीर मात्र करू नये. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. कागदसुद्धा चिरंजीव नसतो, मग माणसाचं काय!

यात एक नवी निकड आहे. आता आपली मुलं प्रश्न पुस्तकाला विचारत नाहीत, मोबाईलमधल्या बोलक्या यंत्राला विचारतात. ती यंत्रं शिकतात ती विकिपीडियासारख्या मजकुरावर. जे तिथे नाही, ते त्यांच्या उत्तरात नाही. म्हणजे आजीच्या भाकऱ्या उद्याच्या उत्तरात यायच्या असतील, तर आज कुणीतरी ‘संदर्भ कुठाय?’ या प्रश्नाला तोंड द्यायलाच हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, मजकूर उडाला म्हणून फोन बाजूला ठेवू नका. सासरच्या स्वयंपाकघरात पहिली पोळी करपली म्हणून आपण काही चूल सोडली नव्हती. आज दुपारी आईजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, “आजीकडे रात्री जेवायला कोण कोण यायचं गं?” संदर्भ तिथूनच सुरू होतो.